थांबायची मुदत

राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत दीक्षा एकटीच बसून सी भाषेत प्रोग्राम लिहायची. अकोटच्या विहिरीवरचं यंत्र त्या प्रोग्रामला पाण्याची पातळी कळवायचं. उत्तर आलं नाही, की प्रोग्राम वाट बघत तिथंच अडकायचा. म्हणून त्या दुपारी तिनं वाट बघायला पाच सेकंदांची मुदत घातली.

पाचवा सेकंद सरला आणि पडद्यावर तिनं न लिहिलेली अक्षरं उमटली : ‘थांब न. येऊन राहिलो.’

तिनं विहिरीचे राखणदार नबीचाचा यांना फोन लावला.

“यंत्र? बेटा, ते तं सोमवारीच काढून नेलं. नुसता वायर लोंबकळून राहिला.”

दीक्षानं मुदत दहा सेकंद केली.

‘जिना चढून राहिलो.’

कित्येक महिन्यांत तिच्याकडे कुणी आलं नव्हतं. तिनं मुदतीची ओळच पुसून टाकली, आणि उठून दाराची कडी काढली.