मागची मोरी

“आत्या, तू आमच्याकडे अजून किती दिवस राहणारेस?”

ताटावर बसल्या बसल्या भिंगरीने विचारून टाकलं. मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर सगळ्यांसमोर विचारून दाखव. आणि हिंमत तर सध्या तिच्याकडे उतू चालली होती. वादविवाद स्पर्धेत तिने नुकतंच भल्याभल्यांना लोळवलं होतं. नर्सची नोकरी संपून क्वार्टर सुटलं, तशी आत्या इकडे राहायला आली, आणि तेव्हापासून भिंगरीची खोली अर्धी झाली होती. मग विचारलं तर काय बिघडलं? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आत्याचा घास हातातच राहिला. “अडचण होते का गं माझी?”

“अगं, तसं नाही...” भिंगरी चाचरली. पण आईला तेवढंच हवं होतं.

“पोर आगाऊ आहे, ताई, पण बोलली ते खोटं नाही. मागच्या मोरीचंच बघा. तुम्ही यायच्या आधी कधी तुंबली होती का? आता रोज उठून सिंक भरलेलं. खरकटं काढून मग भांडी घासावीत, एवढं साधं असतं हो.”

“मी खरकटं नाही गं सोडत,” आत्या म्हणाली. “जाळी लावूनच घासते.” मग तिने धाकट्या भावाकडे पाहिलं. बाबा खाली मान घालून जेवत होते. दिवसभर सोफे ठोकून आलं, की ते असेच जेवत.

“मोरीचं काहीतरी करायला हवं, ताई,” ते एवढंच म्हणाले.

भिंगरी पैज जिंकली होती. पण तोंडाची चव गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आईबाबा सोफ्यांच्या कारखान्यात गेले आणि भिंगरीने बाह्या सरसावल्या. हिशेब सरळ होता. मोरी वाहती झाली की आईच्या तोंडाला कुलूप, आणि आत्या कुठेही जाणार नाही. आपण घातलेला घोळ आपणच निस्तरायचा!

फोनवर एक व्हिडिओ पाहून ती तज्ज्ञ झाली. आधी कढत पाणी ओतलं. पाणी ढिम्म. मग रबरी पंपाने भसाभस दाबून पाहिलं. सिंकमधलं काळं पाणी उसळून थेट तिच्या नाकावर आलं.

“ई! शी! आई गं!”

“ऑपरेशन चाललंय का?” आत्या दारात उभी राहून हसत होती. कालपासून पहिल्यांदाच. “हातमोजे घाल, डॉक्टर. आणि खाली बादली ठेव, नाहीतर पेशंट अंगावर ओकेल.”

दोघी कामाला लागल्या. भिंगरीने सिंकखालची, पाईपला जोडलेली प्लास्टिकची बाटली पिळून पिळून सोडवली. पेशंट बादलीत भडभडून ओकला. बाटलीत बोट फिरवलं, तर नुसता साबणाचा बुळबुळीतपणा. भाताचं एक शीत सापडेल तर शपथ!

“बघ! तुझं खरकटं नाहीच!” भिंगरी ओरडली. “आई येऊ दे, दाखवतेच तिला.”

मग अडलं कुठे? तिने पाईपमधून तार सरकवली. तार भिंतीतून आरपार गेली आणि पलीकडे कशाला तरी अडली. तार ओढून घेऊन भिंगरी धावत घराच्या मागे गेली. तिथे पाईपचं उघडं तोंड गटाराच्या खड्ड्यावर आलं होतं. तारेचं टोक वाकवून तिने आकडा केला, आत खुपसला आणि पाय रोवून ओढला. फट्कन काहीतरी बाहेर आलं, आणि पाठोपाठ पाईपात साचलेल्या पाण्याचा लोंढा.

“सुटली! आत्या, सुटली!” ती चिखलातच नाचायला लागली.

नाचता नाचता तिने आकड्याकडे पाहिलं. मुठीएवढा फोमचा गोळा होता, पाणी पिऊन टम्म फुगलेला. वरून रेक्झिन गुंडाळलेलं, नायलॉनच्या दोऱ्याने आवळलेलं. सिंकच्या जाळीतून वाटाणासुद्धा जात नव्हता. हा गोळा आतून आला नव्हता. बाहेरून कोणीतरी दाबून बसवला होता.

आत्याने तो हातात घेतला. दोऱ्याची गाठ अंगठ्याने चाचपली.

“ही टाक्याची गाठ,” ती म्हणाली. “जखम शिवल्यावर मारतात ती. त्याच्या सोफ्यांचे दोरे उसवायचे, म्हणून मीच शिकवली त्याला.” तिने दोरा ओढून पाहिला. “चांगली मारलीय. सुटायची नाही.”

“मी बाबांना विचारते! आत्ताच्या आत्ता फोन करून विचारते!”

“काही विचारायचं नाही. शपथ आहे माझी.”

“पण मोरी सुटली ना आता! आता तू राहू शकतेस!”

“मोरीशी भांडले असते गं, भिंगरे. भावाशी कशी भांडू?”

आत्याने सिंकखालची बाटली पुन्हा बसवली आणि हात धुतले, नर्सा धुतात तसे, कोपरापर्यंत. मग पलंगाखालची बॅग ओढली. ऊन उतरायच्या आत ती जुन्या मैत्रिणीकडे, नर्सांच्या वसतिगृहात निघूनही गेली.

आईबाबा परतले. आईने मागचा नळ सोडला आणि बघतच राहिली.

“पाहिलंत? त्या गेल्या आणि मोरी वाहायला लागली! मी म्हणत नव्हते?”

बाबांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. “खोली आता सगळी तुझी. रंग कुठला लावायचा, बोल.”

भिंगरीला आत्याची शपथ होती. तिने काही विचारलं नाही.

“आई, बाबा, मी एक ठरवलंय,” ती म्हणाली. “तुम्ही म्हातारे झालात ना, की माझ्याच घरी राहायला यायचं. मोरी बाहेरून कशी तुंबवतात, ते मला आता येतं.”