बिनवासाची गाडी

गिझबर्नच्या गाडीबाजारात तिपेनेनं आईला दाखवलेली ही चौथी सात सीटची डिझेल गाडी. मागचं दार उघडून म्हाताऱ्या मेरेआनानं आत डोकं घातलं आणि तोंड वाकडं केलं.

"शी! मासे वाहिलेत यातून. किळस येते मेली!"

"धुतलं की जाईल गं. इंजिन बघ, गावच्या खडीच्या रस्त्यानं होडी ओढत नेईल."

"चुलीत घाल तुझं इंजिन! खाणं ठेवलेली गाडी मला नको."

तिपेने वैतागला. जन्मभर मासे खाल्लेली बाई, आणि सोवळं गाडीचं!

पाचवी गाडी कोरी होती, नुसता नव्या रबराचा वास. म्हातारीनं मागच्या सीट पाडायला लावल्या, चपला काढल्या आणि विकणाऱ्यादेखत आत सरळ आडवी झाली. पाय दाराला लागले नाहीत.

"हीच घे," ती पडल्यापडल्या म्हणाली. "पण आजपासून हिच्यात चिप्सचा तुकडासुद्धा आणायचा नाही."

"अगं, पण का?"



"मेल्या, मढ्याशेजारी कुणी खाणं ठेवतं का? गावी शेवटची मी हिच्यातूनच जाणार आहे."