हुडहुडी दाबताना

भर दुपारी मैनाला हुडहुडी भरली. सगुणाने लेकीवर घरातल्या साऱ्या गोधड्या टाकल्या, तरी दात वाजायचे थांबेनात. मग कासू गावातल्या आया करतात तशी ती गोधड्यांवर आडवी झाली आणि अंगाच्या भाराने थंडी दाबू लागली.

“आये, लय थंडी वाजते,” आतून मैना म्हणाली.

“हाय गो मी, बाय माझी.” सगुणाने आणखी दाबलं. थरथर मंदावली.

तेवढ्यात सासू दारात आली. तिच्या कडेवर मैना होती, घामाने निथळलेली, हसरी.

“हिचा ताप कवाच उतरला. तू कोणाला दाबतेस गो?”

गोधडीखालून गार, इवलासा हात आला आणि त्याने सगुणाचं बोट धरलं. मनगटावर सकाळी तिनेच बांधलेला काळा दोरा होता.

कडेवरच्या मैनाचं मनगट मोकळं होतं.

“दाब ना, आये,” ती कडेवरूनच लाडात म्हणाली. “आता गप होईल ती.”