मॅक्सवेलची साक्षीदार

इटलीत चर्चमध्ये लग्न करायचं, तर मुलगा कुठे अडकलेला नाही असा गावच्या चर्चचा दाखला लागतो; आणि त्यासाठी त्याला लहानपणापासून ओळखणारा साक्षीदार. मॅक्सवेलच्या आईला, आयडाला, शेजारच्या रेचलशिवाय दुसरं नाव सुचलंच नाही.

उत्तनच्या फादरांनी बायबल पुढे केलं. "मॅक्सवेलने इथे कुणाला लग्नाचं वचन दिलंय?"

बायबलवर हात ठेवून रेचल म्हणाली, "न्हाय, फादर."

बाहेर येताच आयडाने तिच्या गालावरून हात फिरवला. "आता तुझ्यासाठी बगायचं हाय, बाय. किती थांबशील अशी?"

शनिवारी कन्फेशनला रेचल सगळ्यांच्या आधी येऊन बसली. जाळीपलीकडे तेच फादर होते.



"फादर, मी बायबलवर हात ठेवून खोटं बोलले."