झाकलेलं मशीन

"नळी कुठाय?" यशश्रीनं विचारलं.

टपरीतल्या तरुणानं मान वर केली नाही. शाळेच्या व्हॅनच्या नंबर प्लेटचा फोटो काढून झाला होता, लॅपटॉपवर बोटं चालली होती, आणि 'प्रदूषण जाँच केंद्र' असं रंगवलेल्या त्या पत्र्याखाली सर्टिफिकेट छापून निघायच्या बेतात होतं. बाहेर व्हॅन धडधडत उभी. धूर असा, की मागचा पेट्रोल पंप दिसेना.

"सायलेन्सरमध्ये नळी घालतात, मग आकडे येतात. नळी न घालता तू कुठले आकडे टाकून राहिला?"

"दीदी, गाड़ी पास है," व्हॅनचा ड्रायव्हर शैलेंद्र मधेच बोलला. "हर बार पास होती है. चलिए ना, दूसरी पाली के बच्चे खड़े होंगे."

पास! यशश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आर्या रोज या व्हॅनमधून डोकं धरून घरी यायची. दप्तराला धुराचा वास, वेण्यांना वास, डब्याच्या पिशवीलासुद्धा. आज तर फाटकातच ओकली. डॉक्टर म्हणतात, ॲलर्जी. ॲलर्जी कसली डोंबलाची! व्हॅनच्या तळाला भोक, त्यातून धूर आत, आणि हा शैलेंद्र छाती ठोकून सर्टिफिकेट दाखवणार. म्हणून तिनं आर्याला स्वतःच्या स्कूटरवर घेतलं, व्हॅन पुढे घातली आणि थेट खमरियाच्या रस्त्यावरची ही टपरी गाठली. शैलेंद्र बिनधास्त आला. त्याला काय, माहीतच होतं.

आणि यशश्री तरी कोण? इंजिनिअरिंग कॉलेजात ऑटोमोबाईल शिकवणारी. कालच्याच परिसंवादात 'उद्याची वाहनं' या विषयावर ती तासभर बोलली होती. बीएस-सिक्स, त्याच्याही पुढची मानकं, मग इलेक्ट्रिक. टाळ्या पडल्या होत्या.

मशीन कोपऱ्यात होतं. त्यावर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर कुंकवाचं स्वस्तिक, वर जास्वंदीचं फूल. नळीचं वेटोळं तसंच बांधलेलं, आणि त्यात अगरबत्ती खोचलेली.

"हे काय पूजेला आणलंय?"

"टपरी उघडली की पहिले त्याचीच पूजा करतो. हात नाही लावत. महागाचं मशीन आहे, बिघडलं तर धंदाच बसला." एवढं बोलून त्यानं मान वर केली, आणि ताडकन उठला. "अरे! यशश्री मॅडम! मी आलोक. तुमचा स्टुडंट!"

तो वाकून पाया पडला. तिच्यासाठी खुर्ची पुसली.

"आधी नाही सांगायचं, मॅडम? तुमची गाडी आहे ना, मग आकडे एकदम चकाचक टाकतो."

"लाज नाही वाटत तुला?" यशश्री ओरडली, तशी पंपावरची माणसं वळून पाहू लागली. "माझी पोर ओकून राहिली आहे या गाडीत, आणि तू चकाचक टाकतो? हे शिकवलं का मी तुला?"

"नाही, मॅडम." आलोकनं वर्गात उभं राहावं तसे हात मागे घेतले. "इंजिन गरम करावे. नळी सायलेन्सरमध्ये पूर्ण आत घालावी. आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. पाठ आहे अजून. त्या प्रश्नाला तुम्ही पैकीच्या पैकी मार्क दिले होते."

"मग काहून नाही घालत?"

"बिघडेल ना, मॅडम. आपल्या लॅबमध्येही होतं ना असंच मशीन? तपासणीची कमिटी आली की तुम्ही कव्हर काढायच्या, गेली की घालायच्या. आकडे फळ्यावर लिहून द्यायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर यशश्रीनं कानाखाली दिली असती. "आता इलेक्ट्रिकची नवी लॅब झाली म्हणे? मीसुद्धा इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, बघा. दिवसभर हा धूर सहन नाही होत."

नव्या लॅबची किल्ली यशश्रीच्या पर्समध्येच होती. तिथल्या मशिनांवर अजून प्लास्टिक होतं. मुलांना आत न्यायचं तर ती चपला बाहेर काढायला लावायची.

ती तिरमिरीत उठली. फूल उचलून बाजूला ठेवलं, अगरबत्ती उपटली, कव्हर टराटरा फाडलं. वेटोळं सुटेना, तर दातांनी गाठ सोडली. नळी ओढत बाहेर नेली आणि वाकून व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये पार आतपर्यंत खुपसली. काळा धूर तोंडावर आला, कुर्त्यावर बसला. शैलेंद्र "दीदी, दीदी" करत तिच्याभोवती नाचत होता.

"आई, चल ना," स्कूटरवरून आर्या म्हणाली. "सिर दुखतंय." मग तिला खोकल्याची उबळ आली.

"थांब बाळा. आता होतंच."

यशश्री धावत मशीनपाशी आली. समोर बटणांची ओळ होती. तिनं एकावर बोट ठेवलं, उचललं, दुसऱ्यावर ठेवलं. बाहेर आर्या खोकतच होती.

"आलोक," शेवटी ती हळूच म्हणाली, "यातलं कुठलं दाबायचं रे?"

आलोक केव्हाच लॅपटॉपसमोर जाऊन बसला होता.

"बटण राहू द्या, मॅडम," तो आदबीनं म्हणाला. "तुम्ही आकडा सांगा. मी लिहून घेतो."