पहिल्या रांगेतली खुर्ची

"तुझं हे मले-तुले कोण गुणगुणणार?" म्हणत मुंबईच्या म्युझिक कंपनीचे मॅनेजर दिघे यांनी दीक्षाचं वऱ्हाडी गाणं कपाटात टाकलं. कंपनी सोडून ती नागपुरात वस्त्यावस्त्यांत तेच गाऊ लागली. गाणं विदर्भभर गाजलं, तेव्हा दिघ्यांना गाण्याचे हक्क कंपनीला देणारा करार आठवला. त्यांनी तिला ते गायची मनाई केली, गायलीस तर कोर्टात खेचू म्हणाले.

दीक्षानं स्वतःच त्यांना फोन लावला. "साहेब, रविवारी सीताबर्डीत कार्यक्रम आहे. पुरावा पाहिजे ना तुमाले? पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली."

दिघे मोबाइल सरसावून बसले. दीक्षानं माईक लोकांपुढे धरला. "मले मनाई आहे. तुमीच म्हणा."

कोर्टात दिघ्यांचा व्हिडिओ लागला. दीक्षाचा आवाज त्यात कुठंच नव्हता.



सगळ्यात मोठ्यानं गात होते ते दिघे, मले-तुलेसकट.