जेवणानंतर एक

"हात मागं," वच्छलाबाई म्हणाली, आणि पुढं आलेले बावीस हात नाइलाजानं मागं गेले.

साइटवरच्या मजुरांची लेकरं पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं बसली होती. वच्छलाबाई त्यांना दिवसभर सांभाळायची. समोर प्रमोदिनी मॅडम उभ्या होत्या, बिल्डरसाहेबांच्या पत्नी. त्यांच्या हातात गमीची डबी होती. चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, लाल, हिरव्या, पिवळ्या, अस्वलाच्या आकाराच्या. झाकण उघडल्याबरोबर शेडभर संत्र्याचा वास सुटला होता. फोटोवाला गुडघा टेकून तयारच होता.

"का हो, काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"उपाशीपोटी नाय द्यायची, मॅडम. जेवणानंतर एक. डबीवर लिव्हलंय तसं."

आता यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. परवा तिची नात सायली उभ्या जागी चक्कर येऊन पडली. पाच वर्षांची पोर. ऑफिसात चर्चा झाली, की लेकरांना अशक्तपणा आहे, व्हिटॅमिन कमी पडतंय. व्हिटॅमिन कसलं डोंबलाचं. पंधरा दिवसांपासून शेडमधली दुपारची खिचडी बंद होती. तांदूळ होता, डाळ होती, चूल होती. पाणी नव्हतं. पावसाविना दुसरं वर्ष चाललेलं, तरी बीड बायपासला इमारतींवर इमारती चढत होत्या, आणि टँकर येत होते ते स्लॅबवर मारायला. पाणी कमी पडलं तर स्लॅबला तडे जातात, असं देवेश इंजिनियरनं तिला समजावलं होतं. दोन ड्रम मागायला ती तीनदा गेली. तीनदाही 'उद्या बघू' ऐकून परत आली. प्यायला एक जार मिळायचा. लेकरं सकाळच्या अर्ध्या भाकरीवर दिवस काढत होती.

मॅडमनी डबी डोळ्यांपुढं धरली. मागची अक्षरं मुंगीएवढी. त्यांनी हात कपाळाकडं नेला, पण चष्मा गाडीत राहिला होता. डबी त्यांनी स्वतः निवडून आणलेली. तिच्यावर काय लिहिलंय ते शेड सांभाळणाऱ्या बाईनं सांगावं आणि आपण 'ठाऊक नाही' म्हणावं, तेही फोटोवाल्यासमोर, हे काही होण्यासारखं नव्हतं.

"हो, बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "जेवणानंतरच द्यायची असते."

देवेश पुढं आला. "मॅडम, फोटोपुरती एकेक देऊ या ना. एवढ्यानं काही होत नाही."

"होतंय की," वच्छलाबाई म्हणाली. "व्हिटॅमिन हाय ते साहेब, चाकलेट नाय. अन् उद्या एखादं लेकरू परत पडलं, तर मी खरं तेच सांगणार. उपाशी व्हतं, वरून मॅडमच्या हातची गोळी खाल्ली."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

बोलून गेली खरी, पण हे काम गेलं तर नातीला उन्हात वाळूच्या ढिगावर बसवावं लागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सायली ओठांवरून जीभ फिरवत तिच्याकडंच बघत होती. एक लाल अस्वल पोरीच्या हातावर ठेवावं आणि मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. तिनं तोंड फिरवलं आणि ताटल्या मांडायला घेतल्या. बावीस लेकरांपुढं बावीस. मग एक मॅडमपुढं, एक देवेशपुढं.

"बसा मॅडम. पंगत मांडल्यावर पाव्हण्यानं उभं ऱ्हाऊ नये."

मॅडम बसल्या. नाइलाजानं देवेशही बसला. मांडलेल्या ताटावरून न जेवता उठू नये, हे आपल्याकडं लहानपणीच अंगात भिनवतात, मग माणूस बंगल्यातला असो की पालातला. पाच मिनिटं गेली. कुणी काही वाढेना. बाहेर टँकरचा पाइप स्लॅबवर सोडलेला होता, आणि पाणी पडल्याचा आवाज शेडमध्ये स्पष्ट येत होता.

"जेवण कुठं आहे?" मॅडमनी देवेशला विचारलं.

"मॅडम, पाण्याची अडचण... स्लॅबचं काम चालू आहे ना."

"पंधरा दिस झाले," वच्छलाबाई म्हणाली. "या साहेबांचा उद्या काय उजाडंना."

मॅडमनी आपल्या रिकाम्या ताटलीकडं बघितलं. मग सायलीच्या ताटलीकडं. मग त्या देवेशला म्हणाल्या, "तो पाइप आधी इकडं घ्या."

ड्रम भरले. साइटवर वाळू वाहणारी कडूबाई हातातली पाटी टाकून मदतीला आली, तिनं चूल पेटवली. तासाभरानं खिचडी झाली. लेकरं खाली मान घालून जेवली, एकानंही मध्ये तोंड वर केलं नाही. मॅडमनीही चार घास खाल्ले. मग बावीस हात पुन्हा पुढं आले आणि प्रत्येकावर एकेक अस्वल पडलं. सायलीनं आपलं आधी गालात धरून ठेवलं. फोटो निघाले.

निघताना मॅडमनी गाडीतल्या बाकीच्या डब्यांची पिशवी वच्छलाबाईच्या हातात दिली.

"रोज एक हाय ही," ती म्हणाली. "रोज, जेवणानंतर. तसंच लिव्हलंय."

मॅडमनी मागं वळून हाक मारली. "देवेश, रोज सकाळी दोन ड्रम. स्लॅबच्या आधी."

गाडी धुरळा उडवत गेली. कडूबाईनं डबी हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून बघितली.

"वच्छला, हे तर समदं इंग्रजी हाय. तुला कवापासून वाचता यायला लागलं?"

"नाय येत," वच्छलाबाई सायलीचं तोंड पदरानं पुसत म्हणाली. "पर त्यांनी तरी कुठं वाचलं व्हतं."